गोदाकाठचे कीर्तन आणि मोबाईलचा परवाना

सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या अखंड हरिनाम सप्ताहाची परंपरा ज्या गोदाकाठाने जोपासली, त्या काठावरील कोपरगावासारख्या तालुक्याच्या पेठांत या शतकाच्या पहिल्या दशकात मेमरी कार्ड भरून देण्याचा एक व्यवसाय उदयास आला, आणि त्याची दखल इतिहासाने घ्यावी असे मला मनापासून वाटते.

कीर्तनांच्या व्हीसीडी तेव्हा घरोघरी होत्या. त्यांवरील चित्र 1993 च्या मानकानुसार एमपीईजी-1 पद्धतीने, 352 बाय 288 बिंदूंत साठविलेले असे. ते उलगडणारा कोडेक, म्हणजे साठविलेले चित्र-ध्वनी वाचणारी आज्ञावली, मात्र तत्कालीन मोबाईलच्या कार्यप्रणालीत सहसा नसे. म्हणून दुकानदार संगणकावर त्याचे थ्रीजीपी या मोबाईलसाठीच्या फाइल-प्रकारात रूपांतर करून देई, आणि त्या व्यवहारात 176 बाय 144 बिंदूंची, म्हणजे मूळ चित्राची केवळ चौथाई, गिऱ्हाइकाच्या पदरी पडे. ध्वनीची हानी याहून मोठी होती. थ्रीजीपीत ध्वनी बहुधा एएमआर पद्धतीने साठविला जाई, आणि ही पद्धत दूरध्वनीवरील संभाषणासाठी निर्मिलेली, सेकंदाला 8,000 नमुने घेणारी. तीत बुवांचे निरूपण समजे, परंतु 4,000 हर्ट्झच्या वरचा सारा नाद गळून गेल्याने टाळांचा झणत्कार निस्तेज होई.

कोडेकांचा हा तुटवडा केवळ यंत्राच्या दुर्बलतेमुळे नव्हता. एमपीथ्रीसारख्या पद्धतींवर पेटंटांचा अंमल होता व उत्पादकास परवान्याचे शुल्क भरावे लागे. एमपीथ्रीचा परवाना-व्यवहार 2017 साली संपुष्टात आला. दरम्यान फाब्रिस बेलार यांनी 2000 साली आरंभिलेल्या एफएफएमपेग या मुक्त आज्ञावलीने असंख्य पद्धती उलगडण्याची मोकळी मुभा दिली, आणि सिम्बियन या तत्कालीन मोबाईल कार्यप्रणालीवर ऑगप्लेसारखी प्लेअर-साधने स्वयंसेवकांनी घडविली. अँड्रॉइडमध्ये संपूर्ण प्रणालीस नवा कोडेक बहाल करण्याची मुखत्यारी प्रणालीच्या कर्त्यांकडे व फोनच्या उत्पादकाकडेच राहिल्याने व्हीएलसीसारखे प्लेअर आपले कोडेक स्वतःबरोबरच बाळगू लागले. प्रोसेसरवर त्याचा भार पडे व बॅटरी लवकर उतरे, तरी अडलेले काम होई. 2019 च्या अँड्रॉइड 10 मध्ये एव्ही1 या चित्र-कोडेकचा समावेश झाला, आणि प्रणालीचे काही कोडेक, उत्पादकाच्या मर्जीची वाट न पाहता, स्वतंत्रपणे अद्ययावत करण्याची तजवीजही झाली.

आज एमपीईजी-1 उलगडणारे प्लेअर साध्या स्मार्टफोनवरही विनामूल्य चालतात, त्यामुळे त्या काळी केलेल्या रूपांतराचे प्रयोजन उरलेले नाही. थ्रीजीपीत गमावलेला नाद मात्र त्या फाइलीतून परत मिळत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी कीर्तनाच्या मूळ तबकड्या अद्याप असतील, त्यांनी त्या खराब होण्यापूर्वी, कोणतेही रूपांतर न करता, जशाच्या तशा संगणकावर उतरवून घ्याव्यात.