साध्या कुंडीला टेक्श्चर लूक कसा द्यायचा? भोर-वेल्ह्याच्या पावसात कोणता थर टिकतो?

साध्या कुंडीवर खडबडीत, दगडासारखा थर देण्याचे व्हिडिओ रोज दिसतात. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत जून ते सप्टेंबर जोरदार पाऊस असतो. अंगणातल्या कुंडीवर कोणता थर टिकेल, हे आधी समजून घेतलं तर मेहनत वाया जात नाही.

थर का सुटतो?

मातीची भाजलेली कुंडी सच्छिद्र असते. आतल्या मातीतला ओलावा तिच्या भिंतीतून बाहेर येतो. बाहेरून ऑइल पेंट लावला की ओलावा अडतो, रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे निघतात. कुंडीवर दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार.

खाण्याच्या सोड्याचा थर

ॲक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा मिसळला की घट्ट, रवाळ लेप तयार होतो. करायला सोपा, पण सोडा पाण्यात विरघळतो. त्यामुळे ही कुंडी घरातच ठेवावी.

तूस आणि मातीचा थर

हा भाताचा भाग आहे, त्यामुळे गिरणीत तूस सहज मिळतं. मातीच्या भिंती लिंपताना चिखलात तूस किंवा भुसा घालतात, कारण त्याने सुकताना तडे कमी जातात. हीच युक्ती कुंडीवर चालते. वरून गेरू लावला की रूप खुलतं. मात्र हा थर पावसात धुऊन जातो, म्हणून पडवीतच शोभतो.

पावसात टिकणारा थर

1. कुंडी रिकामी करून घासून धुवा. मातीची असेल तर थोडा वेळ पाण्यात भिजवा, नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी शोषून घेते. प्लास्टिकची असेल तर पॉलिश पेपरने खरवडा, गुळगुळीत भागाला सिमेंट धरत नाही.
2. 1 भाग पांढरं सिमेंट आणि 2 भाग चाळलेली बारीक वाळू घ्या. पाण्यात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं वॉटरप्रूफिंग लिक्विड डब्यावरच्या प्रमाणात मिसळा. साध्या डिंकापेक्षा ते ओलाव्यात बरं टिकतं.
3. पातळ थर द्या. ओला असतानाच काथ्या, स्पंज किंवा जुन्या कंगव्याने नक्षी उठवा.
4. सावलीत ठेवा आणि 7 दिवस पाणी शिंपडत राहा. सिमेंटला बळ पाण्याने येतं, उन्हाने नाही.
5. पूर्ण सुकल्यावर बाहेरून ॲक्रिलिक किंवा सिमेंट पेंट लावा. आतून रंग नको.

सिमेंटने हाताची कातडी भाजते, म्हणून हातमोजे घाला. कोरडं सिमेंट मिसळताना तोंडाला रुमाल बांधा.

झाडाचं काय?

तळाचं भोक थराखाली बुजलं तर पावसाळ्यात मुळं कुजतात. लिंपताना त्यात काडी घालून ठेवा. नवं सिमेंट क्षारधर्मी असतं, त्यामुळे माती भरण्याआधी कुंडी दोन-तीनदा पाण्याने धुवून घ्या. कुंडीखाली बशी असेल तर आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत काम उरकलं, तर पहिल्या पावसाआधी थर नीट पक्का होतो.