तारीख दिली, तास नाही दिला

५८ दिवस आधी. बुधवार, २ सप्टेंबर २०२०, संध्याकाळ

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिल्लीहून यादी आली. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲप बंद. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चीनशी चकमक झाल्यावर ५९ ॲप गेली होती, त्यात टिकटॉक होते. या यादीत पबजी मोबाइल होते, पण नाव असे काही छापले होते की मुलांना आधी कळेचना: ‘पबजी मोबाइल नॉर्डिक मॅप: लिविक’. जुलैत आलेल्या नव्या नकाशाची जाहिरात करायला कंपनीने ॲपच्या नावातच तो नकाशा घुसवला होता आणि सरकारनेही ते नाव जसेच्या तसे उचलले.

आमच्या घरातून गल्ली उतरली की अमृतराव घाट. आता फलकावर राजा घाट लिहितात, नारद घाटाला लागूनच. तिथल्या दगडी पायऱ्यांवर आमचा पुतण्या आणि शेजारच्या नाववाल्याचा मुलगा रोज संध्याकाळी मोबाइल आडवे धरून बसत. चौघांच्या स्क्वॉडमधले उरलेले दोघे काशीत नव्हतेच. एक माझी पुण्याची भाची, दुसरा सांगलीचा माझा चुलतपुतण्या. मार्चपासून शाळा बंद, रेल्वे बंद, मुंज-लग्ने पुढे ढकललेली. या तीन चुलत-आत्ये भावंडांची गाठ पडायची ती फक्त एरँगेल नावाच्या त्या खोट्या बेटावर. हेडफोनमधून ‘ताई, झाडामागे बघ’ आणि ‘गुरु, कवर दे’ एकाच दमात ऐकू यायचे.

त्या रात्री चौघांनी शेवटचा म्हणून एक डाव खेळून घेतला. असे ‘शेवटचे’ डाव पुढे दोन महिने होत राहिले.

५६ दिवस आधी. शुक्रवार, ४ सप्टेंबर

गुगल आणि ॲपल, दोघांच्याही दुकानांतून ॲप उतरले. त्याच दिवशी अक्षय कुमारने ‘फौजी’ नावाचा स्वदेशी खेळ येणार म्हणून जाहीर केले. (तो आला २६ जानेवारी २०२१ ला.)

पण ज्यांच्या मोबाइलमध्ये पबजी आधीच होते त्यांचे ते चालूच. टिकटॉक उघडले तर सूचना दिसायची. इथे विमान उडत होते, शंभर जण उड्या मारत होते. का चालू आहे, हे कुणी सांगत नव्हते. पुतण्याने घरातल्या एकमेव अधिकारी व्यक्तीला, म्हणजे मला, विचारले, ‘काका, बंद म्हणजे नक्की काय बंद?’ मी पेपर वाचून दाखवला. त्यात जेवढे होते तेवढेच मला माहीत होते.

५२ दिवस आधी. मंगळवार, ८ सप्टेंबर

इथे थोडे थांबायला हवे, कारण खेळ कुणाचा हे बहुतेक खेळणाऱ्यांना तोवर ठाऊक नव्हते. पबजी ही दक्षिण कोरियाची मालमत्ता. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनची कल्पना, २०१७ मध्ये संगणकावर आला. २०१८ मधली मोबाइलची आवृत्ती बनवली आणि चालवली चीनच्या टेन्सेंटने. ८ तारखेला कोरियन मालकाने जाहीर केले की भारतात खेळ चालवण्याचा अधिकार यापुढे टेन्सेंटकडे राहणार नाही. म्हणजे घर कोरियाचे, भाडेकरू चीनचा, जप्ती भारताची. आणि पोटभाडेकरू? सेन्सर टॉवरच्या अंदाजाप्रमाणे भारतात हे ॲप साडेसतरा कोटी वेळा उतरवले गेले होते, जगातल्या एकूण संख्येच्या जवळपास चौथा हिस्सा.

नेमक्या त्याच दिवशी खेळाची १.० आवृत्ती आली. एरँगेल नव्याने रंगवलेले, घरे नवी, गवत नवे. दुकानात ॲप नाही म्हटल्यावर ते थेट बसवायच्या एपीके फाइली इकडून तिकडे फिरू लागल्या. पुतण्याची आवृत्ती नवी, सांगलीची जुनी. दोन दिवस दोघे खेळातल्या एका खोलीत येऊ शकले नाहीत. पुण्याच्या ताईने फोनवर बसून सांगलीकराकडून ते काम करवून घेतले. एखादी मावशी फोनवर बसून नवऱ्या मुलीला पुरणाचे प्रमाण सांगते, तितक्याच सबुरीने.

अधल्यामधल्या दिवसांत

त्या वर्षी अश्विन अधिक आला होता, म्हणून दसरा-कोजागिरी महिनाभर लांबली. खेळही लांबला. सप्टेंबरच्या मध्याला पंधरावा सीझन सुरू झाला, रॉयल पास विकायला आला. बंदी घातलेल्या खेळाचा पास घ्यावा का? चौघांची हेडफोनवरून यावर चर्चा झाली. नाववाल्याच्या मुलाचे मत सर्वांत व्यवहारी होते: डुबती नाव में कौन रंग लगाता है.

तक्रारी मात्र बंदीपूर्वी होत्या त्याच राहिल्या. पबजी खेळणाऱ्याला विचारा, तो आधी हॅकरवर बोलेल. भिंतीपलीकडचे दिसणारे, धावत्या गाडीतून एका गोळीत डोके फोडणारे. टेन्सेंट दर आठवड्याला बंद केलेल्या खात्यांचा आकडा छापत असे. ऑगस्टच्या शेवटच्या एका आठवड्यात तो २२ लाखांच्या वर होता. आकडा मोठा होता म्हणून कौतुक करायचे, की इतके चोर आत होते म्हणून रडायचे? मग पिंग, म्हणजे सर्व्हरशी बोलायला लागणारा वेळ. वरच्या कोपऱ्यातला तो आकडा हिरवा असला की माणूस, लाल झाला की पुतळा. आपण आडोशाला पोचलेले असतो, पण सर्व्हरच्या हिशेबी अजून उघड्यावर असतो आणि तिथेच मरतो. पैसे भरून उघडलेल्या पेटीत नको ते कपडे निघतात. मधेच ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते आणि परत आत शिरेपर्यंत हद्द आवळत येणारा निळा झोन अंगावर आलेला असतो.

त्यातल्या चोरीबद्दल तक्रार करायला निदान बटण होते. मारणाऱ्याच्या नावापुढे ‘रिपोर्ट’ दाबायचे, कारण निवडायचे, पाठवायचे. पुढे काय होते ते देव जाणे, पण बोट तरी चालायचे. खेळच उठवून नेला तर दाबायला काही नव्हते.

वडीलधाऱ्यांना या तक्रारी कधी ऐकू आल्या नाहीत. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी हा घरोघरी शिरलेला राक्षस आहे असे म्हटले होते. मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या पोरांना पकडले होते. खेळ वाईट की चांगला यावर दोन वर्षे वाद झाला. खेळ चालवणारा खेळणाऱ्याशी कसा वागतो, हा प्रश्न त्या वादात कधी आलाच नाही.

१ दिवस आधी. गुरुवार, २९ ऑक्टोबर

टेन्सेंटने फेसबुकवर निरोपाचे पत्र टाकले. २ सप्टेंबरच्या अंतरिम आदेशाला अनुसरून ३० ऑक्टोबरला भारतातली सगळी सेवा बंद होईल. प्रकाशनाचे हक्क मूळ मालकाकडे परत जातील. वापरणाऱ्यांच्या माहितीची आम्ही नेहमीच काळजी घेतली. खेद वाटतो. आभार.

पत्र लहान होते आणि ते मी दोनदा वाचले. किती वाजता बंद होणार, हे त्यात नव्हते. २९ च्या मध्यरात्री बारा वाजता, की ३० ची रात्र संपताना? भारताच्या घड्याळाने, की शेनझेनच्या? (ते अडीच तास पुढे.) खात्यात उरलेल्या यूसीचे, म्हणजे खऱ्या रुपयांनी घेतलेल्या खेळातल्या नाण्यांचे काय, हेही नव्हते. क्राउन-एसपर्यंत चढवलेल्या रँकचे काय, नव्हते. लहानशा दुकानाचा मालकसुद्धा दुकान हलवताना ‘उद्या दुपारनंतर या पत्त्यावर या’ असा कागद शटरवर चिकटवतो.

रात्री ११:३०. चौघे खोलीत हजर. बारा वाजता बंद होणार या हिशेबाने.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर, ००:००

काही झाले नाही. विमान उडाले. एरँगेलवरच्या पोचिंकी गावात उतरले, सव्वाबाराला मेले, परत उतरले.

पहाटे २:३०. पुण्याहून आत्याचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, आवाज मागून आला आणि ताई खोलीतून गेली.

सकाळी ९:००. पुतण्याने डोळे चोळत आधी खेळ उघडला, मग दात घासले. चालू. अनेकांचे चालू होते. तशा बातम्याही येऊ लागल्या. आता नवी शंका: कदाचित बंद होणारच नाही?

दुपारी १:००. मी पायऱ्यांवर दोघांना अमृतरावांची गोष्ट सांगितली. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज मोडली, दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला, कारभार राघोबादादांच्या या दत्तक पुत्राच्या हाती आला. वर्षअखेर बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला, कंपनीची फौज पुण्यावर आली आणि अमृतरावांनी वर्षाला सात लाखांचा तनखा घेऊन कारभार सोडला. पुढे ते काशीला आले, इथेच १८२४ मध्ये वारले. मला म्हणायचे होते की आपल्या सत्तेचा निकाल भलतीकडे लागतो. पुतण्या म्हणाला, ‘त्यांना पेन्शन तरी मिळाली ना, काका.’

संध्याकाळी ५:४५

पौर्णिमा लागली. त्या वर्षीची कोजागिरी नेमकी या तारखेला आली होती. काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत. समोरच्या रेतीवरून चंद्र थेट वर येतो. घरात दूध आटायला ठेवले होते. रात्रभर जागायला आज कुणाची ना नव्हती, हा योग पुन्हा येणार नव्हता हे मुलांनी बरोबर ओळखले.

७:३०. अबू धाबीत पंजाब विरुद्ध राजस्थान. आजोबांनी टीव्ही लावला. चीनच्या विवोला बाजूला सारल्यावर त्या आयपीएलचे मुख्य प्रायोजकपद २२२ कोटींना मुंबईच्या ड्रीम११ ने घेतले होते. म्हणजे पबजी आज निघणार आणि दुसरा ऑनलाइन खेळ टीव्हीच्या पडद्यावर दिमाखात. त्या ड्रीम११ मध्येही टेन्सेंटची गुंतवणूक होती, ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा खरोखर चिडली. गेल ९९ वर बाद झाला, बॅट फेकली. आजोबाही चिडले.

१०:१०. केशर घातलेले दूध गच्चीवर. तीन शहरांतले पेले व्हिडिओ कॉलवर एकमेकांना दाखवून झाले. मग कॉल बंद, खेळ चालू.

११:०५. एरँगेल. पुतण्या चार बोटांनी खेळतो, अंगठे खाली आणि तर्जन्या वर, खेकड्यासारख्या; घामाने बोट घसरू नये म्हणून टोकांना कापडी टोप्या. शेवटचे वर्तुळ एका गव्हाळ उतारावर पडले. हिशेबात नऊ जण उरले, मग पाच. सांगलीकर पडला. ताईने धुराचा गोळा टाकून त्याला उठवले आणि त्यात स्वतः गेली. शेवटी पुतण्या एकटा, समोर दोघे. एकाला पाडले. दुसऱ्याने झाडामागून मारले. पाटी आली: दुसरा क्रमांक.

‘आणखी एक,’ चौघे एकदम म्हणाले.

११:४०

सांगलीकर खोलीत येईना. त्याच्या पडद्यावर तीच ती रोजची पाटी: सर्व्हर प्रतिसाद देत नाही. ताईने विचारले, ‘नेट गेले की खेळ गेला?’

हे ओळखायला काही मार्गच नव्हता. अडीच वर्षे तीच पाटी पावसात आली होती, नव्या सीझनच्या दिवशी आली होती, ऐन चिकन डिनरच्या, म्हणजे विजयाच्या, तोंडावर आली होती. सवय झाली होती. सांगलीकराने वायफाय बंद करून चालू केले, विमान-मोड लावून काढला, मोबाइल बंद करून पुन्हा लावला. पुतण्याचे चालू, त्याचे नाही. ‘तुझं बंद झालं’ असे त्याला सांगायला कुणी धजेना. देशभरात असेच झाले असणार; कुणाचा आधी अडकला, कुणाचा पुढेही काही काळ रखडत चालला.

तिघांनी चौथ्यासाठी थांबून राहायचे ठरवले. बारा वाजून गेले तरी ती तिघे लॉबीत उभी होती, सुरुवातीचे बटण न दाबता.

नंतर

१२ नोव्हेंबरला कोरियन कंपनीने खास भारतासाठी वेगळा खेळ आणण्याचे जाहीर केले, १० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीच्या आश्वासनासह. तो २ जुलै २०२१ ला बीजीएमआय नावाने आला. रक्त आता लाल नव्हते. ज्यांनी जुने खाते फेसबुक किंवा ट्विटरला जोडले होते त्यांची रँक परत मिळाली. नाववाल्याचा मुलगा ‘गेस्ट’ म्हणून खेळत असे, त्याने शून्यातून सुरुवात केली.

२८ जुलै २०२२ च्या संध्याकाळी तोही दुकानांतून नाहीसा झाला. या वेळी आधी तारीखसुद्धा नव्हती. जवळजवळ दहा महिने गेले. मे २०२३ मध्ये सरकारने तो तीन महिन्यांच्या चाचणीवर परत येऊ दिला, अटी घालून: अठरा वर्षांखालच्याने दिवसाला तीन तास, वरच्याने सहा. आता तासांचा हिशेब अगदी चोख होता. वेळ संपत आली की पडद्यावर सूचना यायची.