वजा चिन्हाचा अर्थ : १९७९ची पाच बंद अणुकेंद्रे

१९७९चा मार्च म्हटला की अणुऊर्जेच्या इतिहासात थ्री माइल आयलंड आठवतं. तो अपघात २८ मार्चचा. त्याच्या दोन आठवडे आधी, १३ मार्चला, अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने एक आदेश काढला होता. तो या अपघाताच्या सावलीत विसरला गेला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आदेश पाच अणुभट्ट्यांसाठी होता. पेनसिल्व्हेनियातली बीव्हर व्हॅली, न्यूयॉर्क राज्यातली फिट्झपॅट्रिक, मेन राज्यातली मेन यांकी आणि व्हर्जिनियात सरी इथल्या दोन. जी चालू असेल ती ४८ तासांत बंद करा आणि परवानगीशिवाय सुरू करू नका. कुठे गळती नव्हती, भूकंपही झाला नव्हता. झालं होतं एवढंच, की एका कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बेरीज करण्याची रीत चुकीची ठरली होती.

ती रीत जरा समजून घेऊ. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी पाइपांमधून फिरतं. हे पाइप ठिकठिकाणी आधारांवर टांगलेले असतात. भूकंपात प्रत्येक आधारावर किती ताण येईल याचा हिशेब आधीच करावा लागतो. जमीन हलते ती आडवी आणि उभी, दोन्ही. हिशेबाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक हादऱ्याचा फक्त कमाल परिणाम हाती येतो. तो नेमका कोणत्या क्षणी, कोणत्या बाजूला, ही माहिती त्यात उरत नाही.

समजा, एका आधारावर आडव्या हादऱ्याने ८ एकक भार येतो आणि उभ्याने ६. प्रोग्रॅमच्या आत त्या ६ला वजा चिन्ह लागलं. स्टोन अँड वेब्स्टर या अभियांत्रिकी कंपनीच्या ‘शॉक-२’ या प्रोग्रॅमने चिन्हासकट बेरीज केली असती: ८ वजा ६, म्हणजे २. मान्य रीत अशी, की दोन्हींचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. उत्तर १०. फार सावध माणूस सरळ १४ धरेल. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण फरक कुठे पडतो ते दिसतं. जमीन आधी वर जाईल की खाली, हे भूकंप आपल्याला विचारून ठरवत नाही. म्हणून त्या वजा चिन्हाच्या भरवशावर भार कमी धरता येत नाही.

आता बघा, यंत्राने आकडेमोड अचूक केली होती. तर्कशास्त्राच्या वर्गात मी सांगायचो, युक्तिवाद वैध असणं वेगळं आणि निष्कर्ष खरा असणं वेगळं. तसाच हा प्रकार. तोच प्रोग्रॅम शंभरदा चालवला असता तरी शंभरदा तेच उत्तर आलं असतं, आणि तपासणाऱ्याला वाटलं असतं, जुळलं! चूक उघडी पडली ती बीव्हर व्हॅलीच्या काही पाइपांचा हिशेब नव्या, वेगळ्या प्रोग्रॅमने केल्यावर. दोन उत्तरांत मोठी तफावत निघाली.

आदेश ‘कारणे दाखवा’ प्रकारचा होता. आपल्याकडे ही नोटीस कारकुनाला येते. इथे ती वीज कंपन्यांना आली. पुराव्याचं ओझं त्यांच्यावर गेलं. इराणमधल्या क्रांतीमुळे तेलाची टंचाई होती, त्यामुळे टीका झालीच. पोलादी पाइप लवचिक असतो, हिशेबापेक्षा जास्त सोसतो, शिवाय अमेरिकेच्या पूर्व भागात मोठे भूकंप क्वचितच होतात, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. युक्तिवाद टाकाऊ नव्हता. पण क्वचित म्हणजे किती, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दख्खनचं पठार स्थिर आहे असंच आपणही मानत होतो, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला हादरा बसेपर्यंत.

माझ्या मते आयोगाचं बरोबर होतं, आणि त्याचं कारण भूकंपाच्या स्वभावात आहे. अणुकेंद्राची सुरक्षा जोडीवर उभी असते. एक पंप बिघडला तर दुसरा, एक पाइप फुटला तर पर्यायी मार्ग. एरवीचा बिघाड एकेकट्याने येतो, भूकंप मात्र सगळ्या पाइपांना एकाच वेळी हलवतो. त्यात मूळ पाइप आणि त्याचा पर्याय, दोघांचा हिशेब एकाच चुकीच्या प्रोग्रॅमने केलेला असेल, तर जोडीला अर्थच राहत नाही. ‘धोका सिद्ध झालेला नाही’ आणि ‘सुरक्षितता सिद्ध झालेली आहे’ ही दोन विधानं एक नव्हेत, आणि परवाना मिळतो तो दुसऱ्या विधानावर.

एप्रिलमध्ये मेन राज्यात, बाथ गावाजवळ, छोटा भूकंप झालासुद्धा. मेन यांकी तिथून जवळच, आणि तेव्हा बंद होतं. त्याच महिन्यात आयोगाने बाकीच्या केंद्रांनाही विचारलं, की तुमचे प्रोग्रॅम बेरीज कशी करतात? पुढे फेरहिशेब होऊन, काही ठिकाणी आधार मजबूत करून, भट्ट्या एकेक करून सुरू झाल्या.

जुलैत आयोगाने आणखी एक प्रश्न विचारला. हिशेब ज्या नकाशावरून केला, पाइप खरोखर तसाच बसवला आहे का? माणसं नकाशे हातात घेऊन केंद्रांत उतरली, पाइपांच्या बाजूने चालत गेली, आणि ठिकठिकाणी आधार नकाशातल्यापेक्षा वेगळे निघाले. या फरकांना शॉक-२ जबाबदार नव्हता.