मोडलेला आंस

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तहनामे यांकडेच आपली दृष्टी प्रथम वळते. सैन्ये कोणत्या वाटेने गेली हे आपण वाचतो. परंतु त्यांची रसद ज्या गाड्यांवर लादलेली होती त्या गाड्या वाटेत किती वेळा मोडल्या, कोणी दुरुस्त केल्या, आणि त्या दुरुस्तीत किती दिवस गेले, याचा विचार क्वचितच कोणी करतो. ज्या मुलखात दोन-चार कोसांवर सुतार-लोहार भेटतो, तेथे गाडी मोडणे म्हणजे थोडा त्रागा व थोडा खर्च एवढाच अर्थ होतो. जेथे महिना-महिना चालूनही गाव लागत नाही, तेथे तीच गोष्ट जिवावर बेतते. अशाच एका मोडलेल्या गाडीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची व दूरदेशची असली, तरी तिच्यातून निघणारा हिशेब कोणत्याही देशीच्या व कोणत्याही काळच्या प्रवाशास लागू पडण्यासारखा आहे.

इ. स. १८४० नंतर अमेरिकेतील मिसूरी नदीच्या काठावरून दरवर्षी शेकडो, पुढे हजारो कुटुंबे पश्चिमेस ऑरेगन व कॅलिफोर्नियाकडे निघू लागली. अंतर सुमारे दोन हजार मैल, वाहन बैलांचे, आणि चाल दिवसास फार तर पंधरा मैल. वसंतात गवत उगवले की निघावयाचे आणि सिएरा नेव्हाडाच्या घाटात बर्फ पडण्यापूर्वी पलीकडे उतरावयाचे, अशी या प्रवासाची दोन्ही टोके निसर्गानेच बांधून दिलेली होती. चित्रांतून दिसणारे अवजड व नौकेसारखे गाडे या वाटेवर फारसे नसत. बहुतेकांची गाडी म्हणजे शेतकऱ्याची साधी चार चाकांची गाडी. तिची पेटी सुमारे दहा फूट लांब व चार फूट रुंद असे; वर वाकविलेल्या लाकडांच्या कमानी व त्यांवर जाड कापडाचे छत. एवढ्याशा जागेत प्रवासाचे धान्य, अंथरुणे, अवजारे, औषधे आणि पुढील आयुष्याचा सगळा संसार भरावयाचा.

ही गाडी मोडत असे ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण हवा. पूर्वेकडील दमट हवेत घडविलेली चाके पश्चिमेकडील कोरड्या पठारावर येताच आकसू लागत. आरे तुंब्यात खिळखिळे होत आणि लोखंडी धाव सैल पडून चालत्या चाकावरून निसटून जाई. आमच्याकडील गाडीवानास उन्हाळ्यात जो अनुभव येतो तोच हा. उपायही ओळखीचेच होते. रात्री चाके काढून नदीत बुडवून ठेवावयाची, धाव व लाकूड यांच्या फटीत पाचरी ठोकावयाच्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर धाव विस्तवात लाल करून पुन्हा चढवावयाची व पाणी ओतून आवळून घ्यावयाची. दुसरे कारण रस्ता, किंवा रस्ता नसणे. ओढ्याच्या कराळ काठावरून गाडी खाली घसरली की पुढील दांडी किंवा आंस मोडे. आंस म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. गाडीचा सारा भार त्याच्यावर, आणि उतरणीवरचा पहिला तडाखाही पुढील आंसासच.

अनुभवी लोक म्हणून जादा आंस व जादा दांडी गाडीच्या तळाशी बांधूनच निघत, कारण मैदाने ओलांडल्यावर तशा कामाचे कठीण लाकूड वाटेत मिळत नसे. डांबर व चरबी यांचे वंगण भरलेली बादली मागील आंसाला लोंबत असे. कुऱ्हाड, गिरमिट, दोरखंड व साखळ्या हाताशी असत. अमेरिकन लष्करातील कॅप्टन रँडॉल्फ मार्सी याने १८५९ साली या प्रवाशांकरिता एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. चाकांस ऑसेज ऑरेंज नावाच्या झाडाचे लाकूड उत्तम, कारण ते फारसे आकसत नाही, इथपर्यंत बारीक सूचना त्यात आहेत. वाटेवर दुरुस्तीची ठिकाणेही हळूहळू उभी राहिली. जिम ब्रिजर या जुन्या शिकाऱ्याने १८४३ साली ग्रीन नदीच्या एका उपनदीवर लहानसे ठाणे उभारले. त्याने आपल्या पत्रात मुद्दाम जाहीर केलेली गोष्ट अशी की, तेथे लोहाराची भट्टी व लोखंडाचा साठा आहे. शेकडो मैलांच्या ओसाडीत भट्टी हीच मोठी पेठ होती.

परंतु गाडी दुरुस्त करण्याइतकीच आणखी एक विद्या या वाटेवर लागत असे, ती म्हणजे गाडी सोडून देण्याची. १८४४ साली एलिशा स्टीफन्स याच्या पुढारीपणाखाली अकरा गाड्यांचा एक तांडा सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी असलेल्या सरोवरापाशी पोहोचला, तेव्हा नोव्हेंबर लागला होता व बर्फ पडत होते. या मंडळींनी सहा गाड्या सरोवराकाठीच टाकल्या. उरलेल्या पाच रिकाम्या करून सामान पाठीवर वर नेले. वाटेत दहा फूट उंचीचा उभा कडा आला. तेथील एका अरुंद फटीतून बैल एकेक करून वर चढविले आणि वरून दोर लावून गाड्या ओढून घेतल्या. सिएरा ओलांडणाऱ्या पहिल्या गाड्या त्या ह्याच. पलीकडे युबा नदीकाठी बर्फाने पुन्हा अडविले, तेव्हा त्या पाचही गाड्या मागे ठेवून पुरुष पायी पुढे गेले व नंतर येऊन बायकामुलांना घेऊन गेले. सरोवरापाशी गाड्यांच्या राखणीस तिघे राहिले होते. बर्फ वाढू लागताच त्यांनी छताच्या कमानी काढून कातड्याच्या वाद्यांनी विणल्या व बर्फावर चालण्याची पादत्राणे केली. दोघे निसटले. तिसरा मोझेस शॅलनबर्गर, वय वर्षे सतरा, अशक्तपणामुळे परतला आणि कोल्हे सापळ्यात धरून तो एकटा तेथील झोपडीत फेब्रुवारीपर्यंत जगला. मग एक सोबती येऊन त्यास घेऊन गेला. या तांड्यातील एकही मनुष्य दगावला नाही. सर्व गाड्या मात्र एका ना एका वेळी सोडाव्या लागल्या.

दोन वर्षांनी त्याच सरोवराकडे दुसरा तांडा येत होता. इलिनॉय प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावाहून १८४६ च्या एप्रिलात जॉर्ज डोनर, त्याचा भाऊ जेकब आणि जेम्स रीड यांची कुटुंबे नऊ गाड्या घेऊन निघाली. जॉर्ज डोनर साठीच्या घरातील सुखवस्तू शेतकरी. पत्नी टॅम्सन शिक्षिका होती. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने १८४५ साली छापलेल्या पुस्तकात, मोठ्या खाऱ्या सरोवराच्या दक्षिणेकडून जाणारी एक जवळची वाट सुचविली होती. गाड्या घेऊन तो स्वतः त्या वाटेने कधी गेलेला नव्हता. जेम्स क्लायमन नावाचा अनुभवी वाटाड्या याच वाटेने पूर्वेस परत येत होता. त्याने फोर्ट लॅरमी येथे रीड यास स्पष्ट बजावले की, जुनी वाट सोडू नका. सल्ला मानला गेला नाही. जुलैअखेर हा तांडा ब्रिजरच्या ठाण्यावरून आडवाटेस लागला.

येथून पुढची हकीकत दिवसांच्या उधळपट्टीची आहे. वॉसॅच डोंगरात वाट अशी नव्हतीच. झाडे तोडीत, खडक हलवीत सुमारे छत्तीस मैल जावयास पंधरवड्याहून अधिक काळ लागला. खाऱ्या वाळवंटात दोन दिवसांची मजल सांगितली होती. अंतर ऐंशी मैलांच्या आसपास निघाले आणि पाच-सहा दिवस लागले. मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल, त्यात चाके तुंब्यापर्यंत रुतू लागली. तहानेने वेडावलेले बैल रात्री उधळले. ते शोधण्यात जवळजवळ आठवडा गेला आणि काही गाड्या तेथेच सोडाव्या लागल्या. जुन्या वाटेस हंबोल्ट नदीवर हे लोक पुन्हा मिळाले तेव्हा सप्टेंबरची २६ तारीख होती. मने चिडलेली होती. ५ ऑक्टोबर रोजी एका रेताड चढावर दोन गाड्यांच्या बैलांची गुंतागुंत झाली. त्यावरून भांडण पेटून रीडच्या सुरीने जॉन स्नायडर हा तरुण मेला, आणि रीड यास तांड्याबाहेर घालविण्यात आले.

ऑक्टोबरच्या शेवटी, सिएराच्या ऐन पायथ्याशी, एका उभ्या उतरणीवर जॉर्ज डोनरच्या गाडीचा पुढील आंस मोडला. गाडी कलंडली. आत चार व तीन वर्षांच्या दोन मुली झोपलेल्या होत्या. एक लगेच हाती लागली. धाकटी एलायझा सामानाखाली दडपली गेली होती, तीही अखेर सुखरूप निघाली. हिनेच पुढे १९११ साली या प्रवासावर पुस्तक लिहिले. तीन वर्षांच्या मुलीस इतके आठवणे शक्य नाही. घरच्या मोठ्या माणसांकडून तिने जे ऐकले ते तिच्या लेखणीतून आपणांस मिळते. दोघे भाऊ घाईघाईने झाड तोडून नवा आंस तासावयास बसले. काम संपत आले असता जेकबच्या हातातील हत्यार निसटले व जॉर्जच्या उजव्या हातावर लांब जखम झाली. हात बांधून जॉर्जने भावास धीर दिला आणि काम पुरे केले.

एवढ्यात बर्फ सुरू झाले. पुढील मंडळी सरोवरापाशी पोहोचली, पण घाट त्यांनाही चढवला नाही. नोव्हेंबरच्या आरंभीच्या एका प्रयत्नाची नोंद अशी आहे की, गाड्या टाकून सामान बैलांवर लादावयाचे ठरले, तेव्हा काय न्यावे यावरच वाद माजला. कोणास तंबाखूची पेटी हवी, कोणास कापडाचा गठ्ठा. डोनर कुटुंबे सुमारे सहा मैल मागे आल्डर नावाच्या ओढ्याकाठी तंबू व फांद्यांच्या आसऱ्यास राहिली. एकंदर ऐंशीवर माणसे अडकली, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता.

त्या हिवाळ्याचे वर्णन आम्ही लांबवू इच्छित नाही. बैल संपले, कातडी उकळून खाल्ली, आणि शेवटी मृतांच्या देहांवर जिवंतांनी दिवस काढल्याचे प्रसंग घडले. डिसेंबरात फ्रँकलिन ग्रेव्ह्ज याने बैलांच्या मानेभोवतीची वाकविलेली लाकडे चिरून बर्फातील पादत्राणे केली. गाडी ओढण्याचे साधन असे अखेर गाडी सोडून जाण्याचे साधन झाले, परंतु दीड महिना उशिराने. निघालेल्या सतराजणांपैकी दोघे परतले. उरलेल्या पंधरांतील सात पलीकडे पोहोचले, त्यांत पाच स्त्रिया. याच तुकडीत लुइस व साल्वाडोर हे दोन मूळ रहिवासी होते. ते कॅलिफोर्नियातून सटर याने पाठविलेल्या शिध्याच्या खेचरांबरोबर मदतीस आले होते. ज्यांस वाचविण्यास ते आले त्यांच्यापैकीच एकाने भुकेच्या पायी त्यांना गोळी घातली. ही गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते, पण ती गाळणे अन्यायाचे होईल.

फेब्रुवारी ते एप्रिल १८४७ या काळात सुटकेच्या चार तुकड्या आल्या. त्यांपैकी दुसरीचा नायक तोच हाकलून दिलेला रीड होता, आणि त्याची पत्नी व मुले सर्व वाचली. आल्डर ओढ्यावर जॉर्ज डोनरची जखम चिघळून विष खांद्यापर्यंत चढले होते. टॅम्सनच्या अंगी चालून जाण्याची शक्ती होती. तिने तिन्ही मुलींना पुढे पाठविले व स्वतः पतीपाशी राहिली. मार्चअखेरीस तो गेला, आणि थोड्याच दिवसांत तिचाही अंत झाला. तांड्यातील सत्त्याऐंशी माणसांपैकी अठ्ठेचाळीस जगली, असा सामान्यतः मानलेला हिशेब आहे.

आता या सर्वाचा दोष त्या आंसाकडे द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्या गाड्या धड होत्या तेही सरोवरापाशी अडकलेच. आंस त्या वाटेवर दरसाल मोडत आणि नवे तासलेही जात. ऑगस्टात मोडलेला आंस एक दिवस खातो. ऑक्टोबरअखेर मोडलेल्या आंसास द्यावयाला तो एक दिवस डोनर बंधूंपाशी शिल्लक नव्हता. म्हणून हात घाईने चालला, आणि घाईने चाललेला हात कापला. जादा आंस बांधून घेणारा प्रवासी लाकडाची शिल्लक नेतो, पण त्याहून मोलाची शिल्लक दिवसांची असते. ती डोनर मंडळींनी जवळच्या वाटेच्या लोभाने वॉसॅचमध्ये व वाळवंटात आधीच खर्चून टाकली होती. तेरा वर्षांच्या व्हर्जिनिया रीडने मे १८४७ मध्ये आपल्या मामेबहिणीस जे पत्र लिहिले, त्यात आडवाटेस जाऊ नका व होईल तितकी घाई करा, असाच निरोप आहे. घाईची वेळ आरंभी असते हे त्या पोरीस जेवढे कळले, तेवढे तांड्यातील वडीलधाऱ्यांस कळले नव्हते.

आज त्या घाटाच्या अंगाने रुंद महामार्ग जातो, आणि मोटारीमागे चाकांवरची घरे जोडून लोक काही तासांत तो ओलांडतात. हिवाळ्यात बर्फ पडले की मात्र पुष्कळदा चाकांना साखळ्या बांधल्याखेरीज वर जाऊ देत नाहीत. सरोवरापाशी १९१८ साली उभारलेल्या स्मारकाचा चौथरा बावीस फूट उंच आहे. त्या हिवाळ्यात बर्फ तेवढे चढले होते असे सांगतात. आल्डर ओढ्यावर २००३ व २००४ साली झालेल्या उत्खननात चुलीची राख, जनावरांच्या हाडांचे जळके तुकडे आणि लिहिण्याच्या पाटीचे काही तुकडे सापडले. ती पाटी कोणाची हे दगड सांगत नाही. परंतु मोडलेल्या गाडीपाशी, बर्फाखाली, कोणी तरी मुलांस अक्षरे गिरवावयास लावीत होते असे मानले, तर त्या शिक्षिकेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.