मागील पायाची लंगड : बैल, घोडा आणि श्वान

पाबळचा परिसर पर्जन्यछायेतला. तेथील जिरायत शेती बैलांच्या पायांवर उभी होती. आणि त्याच शिरूर तालुक्यात घोडनदीच्या छावणीत एकोणिसाव्या शतकात घोडदळ असल्याने घोड्याच्या पायांसही मोल होते. कुत्र्यामांजरांच्या लंगडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पशुशल्यशास्त्राचा इतिहास हा पुष्कळसा प्राण्याच्या किमतीचा इतिहास होय.

परळ येथे १८८६ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हाही मुख्य रुग्ण घोडा व बैल हेच. बैलाच्या गुडघ्याची वाटी वर अडकली म्हणजे पाय मागे ताठतो, खूर घासत येतो. आतील बाजूचा अस्थिबंध छेदताच तो मोकळा होतो. हे काम गोठ्यातही उरकते.

श्वानाचा गुडघा निराळा. त्यात एकमेकांस छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा तुटतो. फिनलंडच्या पाट्सामा यांनी १९५२ मध्ये या विकारावर प्रबंध लिहून मांडीवरील स्नायुवेष्टनाच्या पट्टीने नवा बंध घालण्याची रीत मांडली. पुढे अमेरिकेतील स्लोकम यांनी १९९३ मध्ये बंधाचा नाद सोडून नडगीचा माथाच कापून फिरवला व त्याचा उतार कमी केला. हलक्या वजनाच्या मांजराचे पुष्कळदा विश्रांतीवरच भागते.

उतार मोजण्यास क्ष-किरण लागतात, कापलेले हाड जोडण्यास धातूची पट्टी. निदानास मात्र, राखणीचा कुत्रा अंगणात कुशीवर निजविला व त्याने अंग ताठ धरले नाही, तर दोन हात पुरतात: मांडीचे हाड स्थिर धरावे, नडगी पुढे ढकलावी, बंध तुटला असल्यास ती खणासारखी सरकते.