आकडा वाचून बल्ब घ्यावा

मंडळी, परवा माळ्यावरचा पसारा उपसताना वडिलांची तीन सेलची पितळी बॅटरी हाती लागली. (टॉर्चला आमच्या भिवंडीत बॅटरीच म्हणतात. 'विजेरी' मी फक्त मुलांच्या शुद्धलेखनात घातली!) सेल घातले, बटण सरकवले... अंधार. बल्ब गेलेला. नातू म्हणाला, "आजोबा, एलईडीची नवी घेऊ या." पण या बल्बशी माझा जुना हिशोब आहे.

१९७१ चा डिसेंबर. ३ तारखेला युद्ध पेटले आणि ब्लॅकआउट आला. खिडक्यांना काळा कागद, बॅटरीच्या काचेलाही कागद. वडील साच्यांवर जॉबर, रात्रपाळीला. बल्ब गेला म्हणून त्यांनी मला दुकानात पाठवले. दुकानदाराने विचारले, "किती सेलचा?" मी कॉलेजकुमार! म्हणालो, "कुठलाही द्या." त्याने दिला तो दोन सेलचा, २.५ व्होल्टचा. बटण दाबताच पांढराशुभ्र उजेड पडला. मी खूश. त्या रात्री वडील घरून निघाले आणि गल्लीच्या वळणावर तो बल्ब उडाला. काळोखात त्यांचा पाय गटारात गेला, घोटा मुरगळला. तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. ते एवढेच म्हणाले, "कॉलेजात शिकतोस ना? मग एवढा आकडा वाचता आला नाही?"

तो आकडा बल्बच्या पितळी गळ्यावर कोरलेला असतो. दोन सेलना २.५, तीन सेलना ३.८ व्होल्ट. दीड व्होल्टचे तीन सेल म्हणजे साडेचार, मग ३.८ का? कारण बल्ब वीज ओढू लागला की सेलचा व्होल्टेज उतरतो. बल्ब त्या उतरलेल्या व्होल्टेजसाठी केलेला असतो. उलट, तीन सेलचा बल्ब दोन सेलवर लावला तर नुसता लालसर मिणमिणतो. दुसरा आकडा अँपिअरचा. ०.३ ऐवजी ०.५ घेतलात तर उजेड वाढेल, पण सेल लवकर संपतील. शिवाय बूड पाहावे. आट्यांचा बल्ब आणि पत्र्याची कडा असलेला बिनआट्यांचा बल्ब एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

उजेड आणि सेल यांची ही ओढाताण जुनीच. डेव्हिड मिसेल यांना १८९९ मध्ये अमेरिकेत हातातल्या बॅटरीचे पेटंट मिळाले, तेव्हा बल्बमध्ये कार्बनची तार होती आणि सेल दुबळे. क्षणभर लावायची नि विझवायची, म्हणून तिकडे नाव पडले 'फ्लॅशलाइट'. १९१० च्या सुमारास कूलिज यांनी टंगस्टनची बारीक तार ओढण्याची युक्ती काढली आणि बॅटरी खऱ्या अर्थाने कामाची झाली.

एलईडीचे आटेवाले बल्बही मिळतात. मात्र सेल उलटे घातले तर ते पेटत नाहीत. तारेच्या बल्बला उलट-सुलट सारखेच!

असो. तीन दुकाने फिरलो. चौथ्या, जुन्या दुकानात खोक्याच्या तळाशी एक बल्ब निघाला. चष्मा वर करून भिंग लावले : ३.८, ०.३. मग पैसे दिले.

संध्याकाळी बॅटरी लावली. तोच पिवळा उजेड. नातवाच्या हाती दिली आणि म्हटले, "आधी बल्ब काढ, आकडा वाच. मोठ्याने."

तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल तर जरूर कळवा.