यंत्रमानवांच्या शालेय स्पर्धा आणि त्यांची तयारी

शाळा सुटल्यावर भरणाऱ्या रोबोटिक्सच्या वर्गांमागे दोन अमेरिकी प्रयोग आहेत. 1967 मध्ये सिमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. या भाषेतल्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारे छोटे यंत्रकासव चालत असे आणि चालता चालता रेघ ओढत असे. कासव भलतीकडे वळले, तर आज्ञेत काय चुकले ते मुलाने शोधायचे आणि दुरुस्त करायचे, ही पेपर्ट यांची शिकवण्याची रीत. चूक शोधणे हेच त्यांच्या लेखी खरे शिकणे होते. दुसरा प्रयोग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतला. तिथे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स 1970च्या दशकात प्रत्येक विद्यार्थ्याला सारखेच सुटे सामान देत, त्यातून यंत्र बनवायला सांगत आणि शेवटी या यंत्रांचा सामना लावत.

हा सामना शाळकरी मुलांपर्यंत पोहोचवला तो संशोधक डीन केमन यांनी. 1989 मध्ये त्यांनी 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि फ्लॉवर्सना सोबत घेतले. 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली. 28 संघ होते आणि मैदानावर मक्याच्या दाण्यांचा थर पसरलेला होता. या स्पर्धेत कंपन्यांमधले अभियंते मुलांच्या बरोबरीने काम करत. पुढे रोबोट तयार करण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत रूढ झाली. एवढे काम तासिकांच्या वेळापत्रकात मावणे शक्यच नव्हते, म्हणून संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस कार्यशाळेत जाऊ लागले.

लहान मुलांसाठी वाट मोकळी झाली 1998 मध्ये. लेगो कंपनीने मोटर, सेन्सर आणि प्रोग्राम करता येईल असा ठोकळा यांचा 'माइंडस्टॉर्म्स' संच बाजारात आणला. त्याचे नाव पेपर्ट यांच्या 1980च्या पुस्तकावरून घेतले होते. त्याच सुमारास लेगो आणि 'फर्स्ट' यांनी मिळून 'फर्स्ट लेगो लीग' सुरू केली. आठ फूट लांब, चार फूट रुंद टेबल आणि अडीच मिनिटांचा वेळ. रिमोट नाही, रोबोटने आपला आपणच काम करायचे. गुण केवळ त्या अडीच मिनिटांचे नसतात. संघ एका प्रश्नाचा अभ्यास करून उपाय सुचवतो, परीक्षकांना रोबोटची रचना समजावून सांगतो, संघातली वागणूकही पाहिली जाते. परीक्षकांशी झालेले हे बोलणेच सर्वांत मोलाचे, कारण रोबोट मुलांनी बनवला की शिक्षकाने, हे तिथे चटकन कळते.

2004 मध्ये सिंगापूरला 'वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड' सुरू झाले. त्यातल्या मुख्य गटात अनेक वर्षे रोबोटचे सगळे भाग सुटे करून आणावे लागत आणि कागद न बघता स्पर्धास्थळीच जोडावे लागत. साहजिकच तयारीच्या वर्गांत जोडणीची घोकंपट्टी सुरू होण्याचा धोका होता. त्यावर आयोजकांकडे चांगला उतारा होता. स्पर्धेच्या सकाळी एक नवा नियम जाहीर होई. प्रोग्राम ज्यांनी स्वतः लिहिला, त्यांनाच तो ऐन वेळी बदलता येई. या ऑलिंपियाडची 2016 ची अंतिम फेरी भारतात, दिल्लीजवळ झाली आणि तिचा विषय होता कचरा व्यवस्थापन.

महाराष्ट्राला रोबोटच्या सामन्यांची ओळख आधी महाविद्यालयांमुळे झाली. जपानी नभोवाणी संस्था एनएचकेने 1988 मध्ये आपल्या देशात सुरू केलेल्या स्पर्धेतून 2002 मध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची 'रोबोकॉन' उभी राहिली. तिचे यजमानपद 2008 आणि 2014 मध्ये पुण्याकडे होते. 2008 चा खेळ गोविंदावर बेतलेला होता, उंचावरचे लोणी काढण्याचे काम रोबोटांकडे होते. दहीहंडीच्या मुलखात याहून चपखल खेळ सुचला नसता.

शाळकरी स्पर्धांची मोठी अडचण मात्र पैशाची. आयात केलेला संच, नोंदणी आणि प्रवास यांचा खर्च मोठा, त्यामुळे हे वर्ग आधी महानगरांतल्या सधन शाळांत रुजले. 2005 मध्ये इटलीत जन्मलेल्या 'आर्डुइनो' या स्वस्त, खुल्या सर्किट-बोर्डाने हे चित्र थोडे बदलले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुटी मोटर, सेन्सर, चाके घेऊन रोबोट बनवता येऊ लागला. ज्या स्पर्धांत ठरावीक कंपनीचाच संच लागतो, तिथे मात्र याचा उपयोग नाही. लेगोने 'माइंडस्टॉर्म्स'ची विक्री 2022 अखेर थांबवली, तेव्हा त्यावर विसंबलेल्या वर्गांना नवे संच शोधावे लागले.

2016 मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने निवडलेल्या शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब'साठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले. सहावी ते बारावीच्या मुलांना तिथे रोबोटिक्सचे सामान आणि थ्रीडी प्रिंटर हाताळायला मिळतो. अशा प्रयोगशाळांची संख्या दहा हजारांपर्यंत गेली. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50,000 उभारण्याची घोषणा झाली.